बारा फर्म्यांचं पुस्तक

माझे वडील हातात पुस्तक आलं की आधी त्याचा वास घेतात. मग कणा अंगठ्यानं दाबतात, पुस्तक बरोबर मधोमध उघडून शिलाईचा दोरा नखानं खेचून बघतात आणि शेवटी ते मिटवून टेबलावर उभं करतात. आधाराशिवाय उभं राहिलं तर ते चांगलं पुस्तक. आत काय लिहिलंय हा प्रश्न त्यांना जवळजवळ पन्नास वर्षं पडला नाही. बाइंडरला तो पडून चालत नाही, समोरची थप्पी संपायची नाही.

आईही त्याच कारखान्यात होती, पण तिचं काम पायांचं. छापून आलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की त्याचा सोळा पानांचा जुडगा होतो, म्हणजे उलटायचे आठ कागद. त्याला फर्मा म्हणतात. एका लांब टेबलाच्या कडेनं फर्म्यांच्या थप्प्या ओळीनं मांडायच्या आणि बायकांनी टेबलाभोवती चालत प्रत्येक थप्पीतला एकेक उचलायचा. पहिला, दुसरा, तिसरा. फेरी पुरी झाली की हातात एक पुस्तक. ते शिलाईकडे ठेवायचं आणि परत पहिल्यापासून. आईनं हे सव्वीस वर्षं केलं. "हिनं पृथ्वीप्रदक्षिणा केलीय," बाबा पाहुण्यांना सांगायचे, "आणि तीसुद्धा पंख्याखाली." आई आतून म्हणायची, "पंखा बंद असायचा."

आई तिसरीपर्यंत शिकली. आकडे तिला पक्के येतात, कारण प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर खाली बारीक आकडा असतो आणि तो चुकला की पुस्तक वाया. अक्षरांचं मात्र अवघड आहे. रस्त्यानं जाताना ती दुकानाची पाटी एकेक अक्षर लावत वाचायला घेते आणि पाटी संपेपर्यंत दुकान मागं पडलेलं असतं. लग्न नवं होतं तेव्हा एकदा जेवणाच्या सुट्टीत तिनं बाबांना विचारलं होतं, "एवढं उचलते मी, पण यात असतं तरी काय?" बाबा म्हणाले, "रिटायर झालो की सगळं वाचून दाखवतो." तरुणपणी माणूस काहीही कबूल करतो. बाबांचं दुर्दैव एवढंच की त्यांना दिलेला शब्द लक्षात राहतो.

कारखान्यात वाया गेलेल्या प्रती मालक घरी नेऊ द्यायचा. कुठं एक फर्मा गायब, कुठं एकच दोनदा, कुठं उलटा शिवलेला, कुठं कटिंगमध्ये ओळींची शेपटं उडालेली. बाबांनी अशा त्रेचाळीस प्रती जमवल्या, त्यांना उरलेल्या पुठ्ठ्याची कव्हरं घातली आणि बाहेरच्या खोलीत फळीवर लावून ठेवल्या. बाबांच्या सत्तराव्या वर्षी मालकानं कारखाना बंद केला तेव्हा बाबा घरी आले, आठवडाभर झोपले आणि मग पहिलं पुस्तक काढून आईसमोर बसले.

त्या पहिल्याच पुस्तकात चौथा फर्मा नव्हता. तिसराच दोनदा. बाबा म्हणाले, "इथं नाहीये गं. पुढचं वाचतो." आई म्हणाली, "असं कसं? मधलं तुमच्या मनानं सांगा." मग बाबांनी सोळा पानं मनानं सांगितली. त्यात नायक पोटभर जेवला, शांत झोपला, सासऱ्याशी त्याचा समेट झाला आणि हरवलेलं कुत्रं घरी आलं. पाचवा फर्मा उघडला तर नायक तुरुंगात. आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तेव्हापासून आमच्या घरात "बाबांचा फर्मा" हा शब्दच झाला. बाबांच्या फर्म्यात कोणी मरत नाही, सगळे वेळेवर जेवतात आणि कुठून ना कुठून एक कुत्रं येतंच.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पाच आठवडे त्यांच्याकडे होते. मी शाळेत शिकवते. नवरा कामानिमित्त बाहेर होता, मुलगा मित्रांबरोबर कुठंसं गेला होता, आणि मी झोपायला आले होते. सेहेचाळिसाव्या वर्षी आईवडिलांकडे जाण्याचं दुसरं कारण मला तरी ठाऊक नाही. कोणी तरी आपल्याला चहा द्यावा आणि काही विचारू नये, एवढीच इच्छा होती.

पण त्या घरात साडेसहाला फिरायला जावं लागतं. डॉक्टरांनी आईला गुडघ्यांसाठी चालायला सांगितलंय. "सव्वीस वर्षं चालून गुडघे गेले, आता चालून परत येणार म्हणे," असं म्हणत ती रोज चप्पल घालते. पुढं बाबा, त्यांच्या हातात पुठ्ठ्याची साखळी. पुठ्ठा म्हणजे कुत्रा. कारखान्यात पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यामागं जन्मला आणि रंगही तोच, म्हणून ते नाव. अकरा वर्षांचा झालाय, चालतो बेतानं. त्याच्या मागं काठी टेकत आई, आणि सगळ्यांत मागं मी, पाय ओढत. घरी राहते ती खळ. खळ ही मांजर. बाइंडिंगच्या चिकट खळीसारखी मांडीला चिकटली की सुटत नाही.

फाटकातून बाहेर पडायचं, इस्त्रीवाल्याच्या बंद टपरीवरून, पाण्याच्या टाकीखालच्या बाकापर्यंत आणि परत. रस्त्यात पाइपासाठी चर खणून ठेवला होता आणि तो कोणी बुजवत नव्हतं. पुठ्ठा त्याला वळसा घाले, बाबाही वळसा घालत. फुटपाथ संपला की पुठ्ठा थांबून बाबांच्या पायाला टेकायचा, मग बाबा पायरी उतरायचे. मला वाटलं, कुत्रं काय शहाणं आहे. झोपेत माणसाला एवढंच सुचतं.

एकदा समोरून निवृत्त पोस्टमास्तर आले. त्यांनी हात वर केला. बाबा सरळ पुढं निघून गेले.

"बाबा, पोस्टमास्तरांनी हात केला."

"मी त्याच्याशी बोलत नाही," बाबा म्हणाले.

"का?"

"आहे काहीतरी."

आई मागून म्हणाली, "मला तर काही माहीत नाही." मीही सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसांची भांडणं समजून घ्यायला अंगात ताकद लागते.

दुपारी तीनला वाचन. पडदे अर्धे ओढलेले, बाबा वेताच्या खुर्चीत, खळ त्यांच्या मांडीवर, पुठ्ठा खुर्चीखाली, आई कॉटवर पाय स्टुलावर ठेवून. बाबा सावकाश वाचतात, दोन दिवसांत एक फर्मा होतो. मी आले त्याच दिवशी त्यांनी एकोणिसावं पुस्तक काढलं होतं. पहिलं पान फाटलेलं, त्यामुळं नाव कळत नव्हतं. गोष्ट एका नावाड्याची. त्याला नऊ वर्षांची धाकटी मुलगी, तिला खोकला. मी आतल्या खोलीत पडल्या पडल्या ऐकायचे, निम्मं झोपेत. पण आठव्या फर्म्यात त्या पोरीचा खोकला वाढला, घरची नाव पलीकडच्या काठावर डॉक्टरला आणायला गेली, आणि मी उठून बसले. मुलांच्या दुखण्याच्या गोष्टी मला झेपत नाहीत आणि सोडवतही नाहीत.

त्यानंतर दोन दिवस माझी दाढ दुखत होती, दुपारी दंतवैद्याकडे जावं लागलं. तिसऱ्या दिवशी ऐकायला बसले तर मुलगी खडखडीत बरी झाली होती. मग ती नाव वल्हवायला शिकली. शिवण शिकली. अकराव्या फर्म्यात नदीतून वाहत आलेलं कुत्र्याचं पिल्लू तिनं बाहेर काढलं. मला बरं वाटलं आणि जरा संशयही आला. आई डोळे मिटून ऐकत होती, मधेच "हं" म्हणत होती.

डॉक्टर आला कसा ते ऐकायचं माझं राहिलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबा आंघोळीला गेले होते तेव्हा, मी ते पुस्तक काढलं. खुणेची दोरी बरोबर मधोमध होती. अकरा फर्मे वाचून झालेल्या पुस्तकाची खूण मधोमध कशी, हे तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही. मी नववा फर्मा उघडला आणि दुसऱ्याच पानावर थांबले. तिथून पुढं सगळं चाळलं. वल्हं नाही, शिवण नाही, पिल्लू नाही. पुस्तक होतं तिथं ठेवलं.

संध्याकाळी बाबा मागच्या बाल्कनीत एका पुस्तकाचा सुटलेला कोपरा चिकटवत बसले होते. बोटानं खळ लावायची, दुसऱ्या बोटानं निपटायची, तळव्यानं दाबायचं. हात बघितले तर कोणी म्हणणार नाही की या माणसाला काही झालंय.

"बाबा, तुम्ही वाचताय ते पुस्तकात नाहीये."

हात थांबले नाहीत. "पुस्तक उघडलंस?"

"हो. त्यात ती मुलगी..."

"सांगू नकोस," बाबा म्हणाले. एवढ्या घाईनं बोलताना मी त्यांना क्वचित ऐकलंय. "आत काय आहे ते मला सांगू नकोस. कळलं तर पुढचं सांगता यायचं नाही."

मी खाली फरशीवर बसले. मग त्यांनी सांगितलं, खळ लावता लावता. हिवाळ्यापासून डोळ्यांच्या मधोमध डाग आला होता. कडेनं दिसतं, पण अक्षर पकडायला जावं तर ते नेमकं डागाखाली जातं. आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्यात. या पुस्तकाचे आठ फर्मे त्यांनी कसेबसे रेटले होते. पहाटे आई उठायच्या आधी बाल्कनीत उजेडाला बसून, भिंग लावून, मान वाकडी करून आठ-आठ पानं जवळजवळ पाठ करायची आणि दुपारी वाचल्यासारखी म्हणायची. आठवा संपला आणि एक दिवस पहाटे भिंगातही काही उरलं नाही. ओळींच्या जागी पाणी सांडल्यासारखं दिसायला लागलं.

"मग?"

"मग नाव डॉक्टरला आणायला गेलीच होती. आणला डॉक्टर."

"आणि पोस्टमास्तर?"

"तो कोण समोरून येतोय ते दिसत नाही मला. आवाज दिला असता तर बोललो असतो." मग म्हणाले, "आता तो खरंच बोलत नाही."

मला हसू आलं आणि रागही आला. एवढं वय झालं तरी हा माणूस ताकाला जाऊन भांडं लपवतोय, आणि कोणापासून, तर जी पन्नासेक वर्षं त्याच्या ताटात वाढतेय तिच्यापासून. मी म्हटलं, "उद्या डॉक्टरकडे जाऊ. आईला सांगू."

"आईला नाही." त्यांनी पुस्तक खाली ठेवलं. "अगं, फळीवर अजून चोवीस आहेत. सगळी वाचून दाखवीन म्हणालो होतो. तिच्या पायांच्या जिवावर घर चाललं, तिनं दुसरं काही मागितलं नाही. मी वाचत नाही हे तिला कळलं, तर दुपारी तीनला आम्ही दोघांनी करायचं काय? एकमेकांकडे बघत बसायचं? ते पण मला जमायचं नाही."

"निदान डॉक्टर?"

"हे पुस्तक संपलं की जाऊ."

"कधी संपणार?"

बाबांनी पुस्तक परत उचललं. तेव्हा मला कळलं, ते संपणार नव्हतं. हे संपलं तर विसावं काढावं लागलं असतं, आणि विसाव्याचं पहिलं वाक्यसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. या पुस्तकातली माणसं तरी ओळखीची होती. रोज बोटानं चाचपून पान उलटायचं, पाणी प्यायला थांबलं की गठ्ठ्यानं पानं मागं घ्यायची, दोरी मधोमध ठेवायची. असं ते पुस्तक कितीही दिवस पुरलं असतं.

मी गप्प राहिले. सहज लिहितेय, पण हे सहज नव्हतं. खरं सांगायचं तर बाबांनी "पुस्तक संपलं की" म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. डॉक्टर म्हणजे रांगा, थेंब, तपासण्या, फायली, भावाला फोन, त्याचे सल्ले. मी दमले होते. झाकली मूठ आणखी आठ दिवस झाकलेली राहिली तर काय बिघडतंय, असं मी स्वतःला सांगितलं. ते आठ दिवस आता मला दुपारी झोपू देत नाहीत.

त्यानंतर मी ऐकायला बाहेरच बसायला लागले. आता ऐकताना वेगळंच कळायचं. बाबा अडले की खळीला कुरवाळायचे. शब्द सुचेना झाला की "इथं छपाई पुसट आहे" म्हणायचे. नावाड्याची मुलगी अंगानं भरत होती, पिल्लू मोठं होत होतं, घरात सगळे वेळेवर जेवत होते. ऐकताना वाटायचं, बाबांना इतकी माणसं सांभाळायची सवय नाही, ते रोज थोडे थोडे थकतायत. आई "हं" म्हणत होती. आणि मी, दोघांच्या मधे बसून, अळीमिळी गुपचिळी.

एका सकाळी पुठ्ठा उठेना. आजारी नव्हता, उकाड्यानं गळून गेला होता. त्यानं एक डोळा उघडून साखळीकडे बघितलं आणि परत मिटला. आम्ही तिघंच निघालो. फाटकाबाहेर पन्नास पावलांवर बाबा सरळ त्या चरात गेले. फार खोल नव्हता, गुडघ्याइतका. मी ओढून बाहेर काढलं. नडगी सोलली होती, हाताला खरचटलं होतं.

"दगड आला पायात," बाबा म्हणाले.

आईनं चराकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, रुमाल काढून त्यांचा हात पुसला आणि म्हणाली, "चला घरी. आज पुरे."

त्या दुपारी नेहमीसारखं तीनला वाचन सुरू झालं. नडगीला पट्टी, मांडीवर खळ. नावाड्याच्या मुलीनं गावातल्या पोरांना पोहायला शिकवायचं मनावर घेतलं होतं. बाबा पान उलटणार एवढ्यात आई म्हणाली, "अहो, हे पुस्तक बारा फर्म्यांचं आहे."

बाबांचं बोट पानावर तसंच राहिलं. "अं?"

"बारा फर्म्यांचं. मी उचललंय हे. दिवस भरत आले होते माझे, ही पोटात होती." तिनं माझ्याकडे मान हलवली. "टेबलाला बाराच थप्प्या होत्या, फेरी लवकर संपायची. पाय कमी दुखायचे म्हणून लक्षात राहिलं. नावाड्याचं आहे हे काही ठाऊक नव्हतं, पण चित्र ओळखीचं आहे, तिसऱ्या फर्म्यातलं. आठ-आठ कागद मोजतेय मी. तुमचा आज चौदावा चाललाय."

बाबांनी पुस्तक मिटलं नाही. म्हणाले, "मग दोन फर्मे गप्प का बसलीस?"

"दोन कसले? नवव्यातच कळलं. डॉक्टर वेळेवर आला तेव्हाच." आईनं पाय स्टुलावर जरा सरकवले. "छापलेल्या पुस्तकात डॉक्टर कधी वेळेवर आलाय?"

"आणि तू ऐकत राहिलीस."

"चांगलं होतं की. मला वाटलं, सांगतायत तर सांगू दे. मी बोलले असते तर तुम्ही वाचायचंच सोडलं असतं, आणि मग एकदा खुर्चीत बसलात की बसलातच. माणूस कसा बसतो ते मी कारखाना बंद झाला तेव्हा आठवडाभर बघितलंय." तिनं त्यांच्या नडगीवरच्या पट्टीकडे बघितलं. "पण आज कुत्रं आलं नाही तर तुम्ही खड्ड्यात. कुत्र्याच्या जिवावर किती दिवस चालणार? त्याचं पण वय झालंय."

मग तिनं मला विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

मी मान हलवली.

"ती पोर कितव्यात गेली?"

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी सांगू नकोस म्हटलं होतं. पण आई माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्यासमोर मला आजवर कधीच खोटं बोलता आलेलं नाही.

"नवव्यात. दुसऱ्या पानावर."

"वाटलंच," आई म्हणाली. "खोकला तसाच होता."

"गेली?" बाबांनी विचारलं.

बाबांनी पुस्तकावरून तळहात फिरवला, कारखान्यात कागद सपाट करायला फिरवायचे तसा. "मला वाटलं येईल डॉक्टर," ते म्हणाले. "नाव गेली होती ना आणायला." आणि त्यांना रडू आलं. मी बाबांना फार वेळा रडताना बघितलेलं नाही. आवाज न करता, मान खाली घालून, चष्म्याच्या काचेवर पाणी. खळ मांडीवरून उतरून गेली. मला उठून त्यांच्याजवळ जायला हवं होतं.

आई उठली, गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. तिनं त्यांच्या मांडीवरचं पुस्तक उचललं, परत कॉटवर जाऊन बसली, आणि ते आपल्या मांडीवर उघडलं.

"उद्या दवाखाना," ती म्हणाली. "आता चौदावा पुरा करा."

"आता काय वाचू?"

"वाचत कुठं होतात? सांगा. कागद मी उलटते."

बाबांनी नाक पुसलं. पाणी प्याले. मग नावाड्याच्या मुलीनं पोरांना पोहायला शिकवलं ते सांगितलं, अडखळत, आवाज बसलेला. आई फर्मे उचलणारा तो जुना अंगठा ओला करून, ऐकता ऐकता एकेक कागद उलटत होती. आठवा उलटून झाल्यावर म्हणाली, "झाला." बाबा लगेच थांबले.

डोळ्यांच्या दवाखान्यात सगळं मी घाबरत होते तसंच झालं. रांग, थेंब, तीन तास, फाइल. डॉक्टर तरुण होती, घाईत होती, पण वाईट नव्हती. म्हणाली, मागच्या पडद्याचं दुखणं आहे, जे गेलंय ते येणार नाही, उरलंय ते इंजेक्शनं देऊन टिकवता येईल. अचानक पाणी सांडल्यासारखं दिसायला लागलं तेव्हा लगेच आला असतात तर बरंच वाचलं असतं. "घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?" तिनं विचारलं. आम्ही तिघं ओळीनं बसलो होतो. तिघांनाही माहीत होतं, आणि तिघांनीही एकमेकांना जपायचं म्हणून ते गिळलं होतं. आई म्हणाली, "आमचंच चुकलं." बाबा म्हणाले, "माझं." मी काहीच म्हणाले नाही, आणि ते जास्त लागलं.

निघायच्या आधी मी एक प्रयत्न केला. फळीवरून विसावं पुस्तक काढलं, दुपारी तीनला बाबांच्या खुर्चीत बसले आणि स्वच्छ आवाजात वाचायला लागले. वाचणं हा माझा पेशा आहे. दहाव्या मिनिटाला आई झोपली. बाबा नम्रपणे ऐकत होते, शाळातपासणीला आल्यासारखे. जाग आल्यावर आई म्हणाली, "चांगलं वाचतेस गं. पण चुकलं तर मारशील असं वाटतं."

"मग या चोवीस पुस्तकांचं काय?"

"राहू देत. मी ती उचलली आहेत, तेवढं पुरे." आणि तिनं खळीला मांडीवर घेतलं.

मी परत आले, शाळा सुरू झाली, वह्यांचे गठ्ठे सुरू झाले. बाबांना तीन इंजेक्शनं झाली. बाबा आता पोस्टमास्तरांना दुरूनच "कोण?" म्हणून विचारतात, त्यामुळं त्यांचा समेट झालाय. पुठ्ठा एक दिवसाआड फिरायला जातो. तो आला नाही की आई साखळीचं दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळते आणि बाबांना म्हणते, "चला, आज माझा नंबर." दोघं टाकीपर्यंत जात नाहीत, इस्त्रीवाल्यापासूनच परत फिरतात.

रविवारी मी फोन करते. बहुतेक वेळा मलाच बोलायचा कंटाळा आलेला असतो, म्हणून ठरलेलं विचारते. जेवण, गुडघे, डोळे. परवा विचारलं, "वाचन कुठवर आलं?"

"चव्वेचाळिसावा फर्मा संपला," आई म्हणाली.

"आणि ती?"

"तिला काय झालंय? बरी आहे. तिच्या बापाला दिसेनासं झालं होतं, तर काल तिनं एकटीनं नाव काढली आणि त्याला पलीकडं डॉक्टरकडं घेऊन गेली." पलीकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, बाबा काहीतरी म्हणाले, आणि आईनं ते मला सांगितलं. "वेळेवर पोचले म्हणतायत."